नेली

आत्या गेल्यापासून माझी एक गोष्ट अडून बसली आहे. लग्नाला भांडी देणाऱ्या साती आसरांची. रात्री बारवेवर हळदकुंकू वाहून मागणं घालायचं, पहाटे ताटं-पराती पाण्यावर. एकानं एक वाटी मागं ठेवून घेतली. आसरांनी त्याला हात लावला नाही. त्याची लेक नेली.

या शेवटच्या शब्दाशी माझं भांडण आहे. ‘ओढली’ म्हटलं की त्या हडळी होतात. ‘बुडाली’ म्हटलं की पंचनामाच. आत्या ‘नेली’ म्हणायची. भाऊ बहिणीला माहेरी नेतो, सासरचे सुनेला नेतात, तसं. शेंगा फोडता फोडता म्हणायची, हात थांबत नसे. पुढं त्या लेकीची आईच हिरव्या बांगड्या घेऊन आसरांची ओटी भरायला जाते. भीतीनं, की लेक आता त्यांच्यात आहे म्हणून? आत्याच्या आवाजात दोन्ही असायचं. मी कधी टेप केलं नाही. आपल्याला येतंय असं वाटायचं.

अप्सरांच्याच या आसरा झाल्या म्हणतात. मेनका तान्ह्या शकुंतलेला रानात टाकून गेली, तिचा कुणी हिशेब मागत नाही. आमच्या आसरांना मात्र चारित्र्याचा दाखला लागतो. 2016 साली धनेगावचं मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तेव्हापासून गोष्टी सांगणाऱ्या आमच्यातल्या काहींनी आसरांना ‘पाणी वाचवा’च्या कामाला जुंपलंय. मी तरी कुठला सोवळा? ‘आसरा देणाऱ्या आसरा’ ही कोटी गावोगाव खपवून टाळ्या घेतल्यात. एका स्पर्धेसाठी तर लेक परत आणून ठेवली. बक्षीस मिळालं. आत्याला सांगितलं नाही.

परवा केजजवळच्या एका शाळेत धीर केला. पिशवीतून शेंगासुद्धा नेल्या होत्या, आत्यासारख्या फोडायला. सोंगच ते. ‘नेली’ म्हणालो, पुढची शेंग उचलली. मागं बसलेली एक पोरगी म्हणाली, “मलापण नेतात. दिवाळी झाली की, ऊसतोडीला.”

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “तिला पाडव्याला आणली का?”

माझा हात थांबला.

“आणली,” म्हणालो.