हे वाचून बघा

औषध, स्थळ आणि पुस्तक या तीन गोष्टी दुसऱ्याला सुचवू नयेत, असे जाणती माणसे सांगतात. गुण आला तर तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा, आणि नाही आला तर बोल आपल्याला! तरीही या जगात एक वर्ग असा आहे की, ज्याचा निम्मा दिवस लोकांना पुस्तके सुचवण्यातच जातो. वाचनालयात टेबलापलीकडे बसणाऱ्या माणसांविषयी मी बोलतो आहे. शहरात त्यांच्यात ग्रंथपाल, लिपिक, शिपाई असे भेद असतात. खेड्यातल्या वाचनालयात हे तिघेही एकाच सदऱ्यात मावतात, आणि सकाळी कुलूप काढून केर काढायचे कामही त्याच सदऱ्याकडे असते.

आमचे शिक्रापूर पुणे-नगर रस्त्यावरचे. (नगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण रस्त्याचे जुने नाव आमच्या जिभेवर बसले आहे, ते एवढ्यात उठायचे नाही.) चाकणचा रस्ता इथेच फुटतो, वेळ नदी गावाला लागून जाते, आणि माझ्या लहानपणी एस. टी. थांबली की उतरणाऱ्यांपेक्षा खिडकीतून पाणी मागणारेच जास्त असत. अशा वाटेवरच्या गावात वाचनालय म्हणजे एक खोली, तीन कपाटे आणि एक लांब बाक. निवृत्त झालेले एक प्राथमिक शिक्षक ते सांभाळीत. गाव त्यांना मास्तर म्हणे. मीही इथे त्यांना मास्तरच म्हणतो. नाव छापलेले त्यांना आवडले नसते.

मास्तरांची पुस्तक देण्याची रीत काहीशी वैद्याची होती. आधी नाडी, मग पुडी. तुम्ही काय मागता याकडे त्यांचे लक्ष असेच. पण गेल्या खेपेचे पुस्तक कसे परत केलेत हे ते अधिक बारकाईने पाहत. खुणेचा कागद कुठे राहिला आहे, पाने कुठपर्यंत मऊ झाली आहेत, हळदीचे बोट कोणत्या पानावर उमटले आहे, यावरून वाचक कुठे थांबला ते त्यांना कळे. "चाळिसाव्या पानावर सोडलंत ना, पाटील? काही हरकत नाही. तुमची चूक नाही, त्या लेखकाची आहे." असे म्हणून ते दुसरे पुस्तक पुढे सरकवीत. पुस्तक पुरे न करणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी कुणाला कधी वाटू दिले नाही. शाळेत चाळीस वर्षे छडी हातात धरलेल्या माणसाला हे कसे साधले, याचे मला आजही नवल वाटते.

मी सातवीत असताना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर तुटून पडलो होतो. अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे माझे शिक्षण संपेपर्यंतची बेगमी झालेली होती. झुंजार आणि काळा पहाड यांच्यापुढे मला भूगोल दिसत नव्हता. घरच्यांनी तक्रार केली, तेव्हा मास्तर म्हणाले, "वाचू द्या. पळायला लागलेलं पोर आधी वाट्टेल तिकडं पळतं." पुढे एकदा झुंजारच्या पुस्तकाबरोबर त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माझ्या हातात ठेवली. "यात खून नाही," ते म्हणाले, "पण एक मास्तर आहे, आणि त्याला शाळेत पोरंच मिळत नाहीत. पुढं काय होतं ते मला येऊन सांग." पुस्तक सुचवण्याचे यापेक्षा चांगले वाक्य मी पुढे कुठल्याही परीक्षणात वाचले नाही. १९५५ साली आलेले ते लहानसे पुस्तक मी दोन रात्रींत संपवले. आमच्या पंचक्रोशीत त्यातल्यासारखी मेंढरे दर वर्षी उतरत. तोवर मला ती नुसती वाटेत आडवी येणारी मेंढरे वाटत होती.

मास्तरांचा अधिकार पुस्तकांपुरताच होता असे मात्र कुणी समजू नये. करमणुकीच्या सगळ्याच खात्यांवर त्यांचा वचक होता. जत्रेत नारायणगावकडचा तमाशा आला की, गावातली शिष्ट मंडळी तोंडे फिरवीत आणि मग अंधारात जाऊन मागे उभी राहत. मास्तर उजळ माथ्याने पुढे बसत. "गण-गौळणीला उशीर झाला तरी चालेल, वग चुकवू नकोस," असे ते मला बजावीत. विठाबाई नारायणगावकर ज्या मातीतून आल्या, तिच्याकडे नाक मुरडणे त्यांना पटत नसे. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये वर्षभर झालेले 'गीतरामायण' त्यांनी एका व्यापाऱ्याच्या रेडिओसमोर उभे राहून ऐकले होते. त्याची छापील प्रत वाचनालयात होती, पण ती देताना ते म्हणत, "आधी ऐका, मग वाचा. माडगूळकरांचे शब्द नि बाबूजींची चाल वेगळी काढायची नसते." बाबूजी म्हणजे सुधीर फडके, हे सांगायला नकोच.

मोठेपणी पुण्याला नोकरीला लागल्यावर मला रंगनाथन भेटले. म्हणजे त्यांचे पुस्तक भेटले. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात, वाचकाचा वेळ वाचवावा, ग्रंथालय हे वाढते शरीर आहे, ही त्यातली तीन. आणि मधली दोन अशी की, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. गणिती माणसाने हे एकाच सूत्रात का बसवले नाही, असे आधी मला वाटले. पुढे लक्षात आले की ही दोन निराळी कामे आहेत. वाचक निदान येऊन मागतो तरी. पुस्तक बिचारे कपाटात मुक्याने उभे असते. त्याची वकिली दुसऱ्याच कुणीतरी करावी लागते. मास्तरांनी हे सूत्र ऐकलेले नसावे. पण दर शनिवारी ते तीन वर्षांत कुणीही न नेलेले एक पुस्तक शोधून टेबलावर उभे करीत आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे त्याचा वशिला लावीत.

बडोद्याला सयाजीराव महाराजांनी तर हा विचार सबंध राज्यालाच लावला होता. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवला आणि गावोगाव वाचनालये काढली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांत फिरत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाची चित्रे आणि चलच्चित्रेही त्याच खात्यातून जात. करमणूक ही ज्ञानाची सावत्र बहीण आहे, असा समज त्या खात्याचा नव्हता. आपल्याकडे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६७ साली, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला; अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदाने ठरली. मास्तर आमच्या वाचनालयाच्या वर्गाविषयी म्हणत, "आपण अजून बाराखडी गिरवतोय."

आता जे सांगायचे ते जरा जपून सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात माझे वडील गेले. आई तेव्हा बत्तीस वर्षांची होती, चौथी शिकलेली. घरात आत्याचा शब्द चाले. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आई बोलेनाशी झाली. स्वयंपाक करी, आम्हांला वाढी, पाणी भरी. पण बोलत नसे. शेजारणी पोथ्या आणून देत. आत्या त्या मोठ्याने वाची, आई भिंतीकडे पाहत ऐके. महिनाभराने मी वाचनालयात गेलो, तेव्हा मास्तरांनी माझे पुस्तक तर दिलेच, शिवाय खाकी कागदाचे वेष्टन घातलेले एक जाडसे पुस्तक दिले. म्हणाले, "हे वहिनींना दे. वाच म्हणून सांगू नकोस. नुसतं चुलीजवळच्या फळीवर ठेव."

ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' होते.

चार दिवस ते फळीवर धूर खात पडले. पाचव्या रात्री मला जाग आली, तर कंदील बारीक करून आई वाचत होती. आणि मग एक आवाज आला. आधी मला वाटले, ती रडते आहे. त्या महिन्यात तेवढीच सवय झाली होती. पण ती हसत होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून, अंग हलवून हसत होती. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते आणि बाजारातून आलेली वस्तूनवस्तू ते धुऊन घेत, त्या हकिगतीपाशी ती पोचली होती. आत्या जागी झाली. नवऱ्याला जाऊन दोन महिने नाहीत आणि बाई हसते, हे तिला पाहवेना. सकाळी तिने पुस्तक चाळले, त्यात टिळक ख्रिस्ती झाल्याचे पान तिला सापडले, आणि मग काय विचारता! बाटलेल्या बाईचे पुस्तक आपल्या घरात आलेच कसे, म्हणून तिने ते पदराखाली घेतले आणि तरातरा वाचनालय गाठले. मीही मागोमाग पळालो.

मास्तरांनी तिला बाकावर बसवले, पाणी दिले. वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "आक्का, वहिनी हसल्या म्हणता, तर मग जेवल्या का?"

आत्या गप्प झाली. त्या दिवशी आई आमच्याबरोबर पानावर बसली होती, आणि हे आत्यानेही पाहिले होते. थोड्या वेळाने ती उठली, पुस्तक टेबलावर ठेवले नाही, पदराखाली घेऊन तशीच घरी आली आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिले. पुढचे महिनाभर आई वाची आणि आत्या तांदूळ निवडत "ऐकत नाही" असे दाखवीत ऐके. टिळकांच्या मृत्यूचा भाग आला त्या दिवशी दोघी मिळून रडल्या. संक्रांतीनंतर आई स्वतः वाचनालयात गेली आणि वर्गणी भरून तिने आपल्या नावाने सही केली. रेशनच्या कार्डाखेरीज तिचे नाव कुठे लिहिले गेले असेल, तर ते त्या रजिस्टरात.

मास्तरांना हेच पुस्तक का सुचले, हे मी त्यांना पुढे विचारले होते. ते म्हणाले, "दुःखी माणसाला लोक दुःखाचं पुस्तक देतात, नाहीतर वैराग्याचं. तुझ्या आईला तिच्यासारखी कमी शिकलेली, बोलायला बसणारी एक बाई हवी होती. गावात ती मिळेना, म्हणून कपाटातून काढली."

१९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' आली. संभाजीमहाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक आमच्यापासून जवळच. तेव्हा त्या कादंबरीवर मुले तुटून पडली यात नवल नाही. मास्तर ती देत, आणि परत घेताना वा. सी. बेंद्र्यांचे १९६० साली निघालेले संभाजीमहाराजांचे चरित्र पुढे करीत. "कादंबरी वाचलीत, आता कागदपत्रं बघा. दोन्हींत कुठं भांडण दिसलं, तर मला सांगा." भांडण शोधण्यासाठी म्हणून चार-दोन पोरांनी तो जाडजूड ग्रंथ खरोखर वाचला. त्यांतला एक पुढे इतिहासाचा शिक्षक झाला.

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. गावही ओळखू येत नाही. सणसवाडी, रांजणगाव, चाकण अशा तिन्ही बाजूंना कारखाने उभे राहिले. चौकात मालमोटारींची रांग लागते, आणि भाड्याच्या खोल्यांतून बीड-लातूरपासून बिहारपर्यंतची माणसे राहतात. वाचनालयाच्या टेबलाशी आता एक ताई बसतात. खेड्यातल्या ग्रंथालय सेवकांच्या हाती महिन्याकाठी जे पडते, ते इथे लिहायची मला लाज वाटते. त्यात कारखान्यातला मुलगा आपला मोबाइलही घेणार नाही. ताई दुपारी शिवणकाम करतात आणि संध्याकाळी पुस्तके देतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा'वरचा हिंदी चित्रपट आला आणि आमच्या वाचनालयातल्या दोन्ही प्रती महिनाभर कपाटात टेकल्या नाहीत. कादंबरी परत आली की ताईही बेंद्र्यांचे चरित्र पुढे करतात. हे त्यांना कुणी शिकवले नाही. त्या प्रतीच्या मागच्या पानावर मास्तरांच्या अक्षरात तशी सूचनाच लिहिलेली आहे. रात्रपाळीचा एक मुलगा स्पर्धा परीक्षेची पुस्तके नेतो. ताई प्रत्येक वेळी त्यावर एक दुसरे पुस्तक ठेवतात. गेल्या महिन्यात दया पवारांचे 'बलुतं' ठेवले होते. त्याने आठ दिवस जास्त ठेवले आणि दंड भरताना म्हणाला, "ताई, दंड घ्या, पण असलं अजून एक द्या." ज्यांचे डोळे अधू झाले त्यांना त्या मोबाइलवर पुस्तके ऐकायची सोय लावून देतात. मोबाइलही आपल्याला रोज काहीबाही सुचवतो, हे खरे. पण त्याने काल पाहिलेल्याचाच भाऊबंद आज आणून उभा करायचा, असा नेम धरलेला दिसतो. माझ्या आईला त्याने पोथ्याच सुचवल्या असत्या.

सध्या दिवाळी अंकांची धांदल आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही मराठी माणसाची चैन. फराळ आठ दिवसांत संपतो. वाचनालयात वेगळी वर्गणी भरली की अंक होळीपर्यंत पुरतात. हे अंक वाटणे म्हणजे ताईंची खरी कसोटी. राशिभविष्याचा अंक ज्याला पहिल्या दिवशी मिळत नाही, तो वर्षभर रुसतो. 'आवाज'मधल्या खिडक्यांची चित्रे पाहायला येणारे आजोबा अंकाचे नाव घेत नाहीत, नुसते "तो... तो आला का?" म्हणतात, आणि ताई न हसता तो खणातून काढून देतात. कुणाला कथा हव्या, कुणाला पाककृती, कुणाला शब्दकोडे; आणि कोडे आधीच्याने पेनने सोडवून ठेवले, की तंटा मिटवायला पुन्हा ताईच.

परवा मी माझा नेहमीचा अंक मागितला. तो बाहेर गेला होता. ताईंनी एक वेगळाच, नाव न ऐकलेला अंक माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा वर करून पाहत राहिलो.

"काका, तुम्हाला पहिल्या दोन कथा आवडणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तिसरीपासून सुरू करा. आणि पान चौऱ्याण्णव काकूंना वाचून दाखवा."