हरवलेले दोन तास

गेल्या पावसाळ्यांत मानपाड्याच्या एका रुग्णालयांत आमच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेचें नवल आतां कोणास राहिलेलें नाहीं. आम्हांस नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. भुलीच्या डॉक्टरीणबाईंनीं दुधासारखें पांढरें औषध शिरेंत सोडलें व विचारलें, "काका, घरीं कोण कोण असतें?" आमचें उत्तर अर्धें तोंडांत आहे तोंच त्या म्हणाल्या, "झालें, डोळे उघडा." भिंतीवरचें घड्याळ दोन तास पुढें गेलें होतें.

झोपेंतून उठणारास आपण बराच वेळ निजलों होतों याची पुसट तरी जाणीव असते. 'सुखानें झोपलों, कांहीं कळलें नाहीं' हें ज्या अर्थीं आठवतें, त्या अर्थीं गाढ निद्रेंतहि कोणी साक्षी जागा असला पाहिजे, असा वेदान्त्यांचा युक्तिवाद आहे. उमेदीच्या वयांत आम्हीं तो मोठ्या हिरीरीनें मांडीत असूं. परंतु या दोन तासांना साक्षी कोणीच नव्हता! उलट चार्वाक म्हणत कीं, किण्वादि पदार्थांतून जशी मदशक्ति उपजते तसें भूतांतून चैतन्य. पिचकारीभर औषधानें तें मावळतें हें अनुभवून आम्हांस त्या पक्षाची प्रथमच धास्ती वाटली.

मेंदूंत सुमारें ८६ अब्ज चेतापेशी असतात. पैकीं ६९ अब्जांच्या आसपास एकट्या लहान मेंदूंत. तरीहि जन्मतः लहान मेंदू नसलेलीं माणसें चालतांना अडखळतात, पण शुद्धीवर असतात. म्हणजे नुसत्या संख्येनें भागत नाहीं. भुलींतहि आवाज मेंदूच्या श्रवणभागापर्यंत पोहोंचतो. पुढें मात्र त्याची वार्ता पसरत नाहीं. घरोघरीं दिवे आहेत, पण कोणी कोणाशीं बोलत नाहीं, असें कांहींसें तें गांव होतें.

बरें, बोलणें सुरू झालें म्हणून 'मला' कांहीं कां वाटावें? जाणिवेची मेंदूंतील खूण २५ वर्षांत स्पष्ट होईल, अशी पैज क्रिस्टोफ कॉख या शास्त्रज्ञानें डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशीं १९९८ सालीं लावली. २०२३ सालीं ती हरून त्यानें द्राक्षमद्य दिलें. (किण्वाचाच प्रकार, चार्वाकांस मौज वाटली असती.)

ते दोन तास आमच्या सौभाग्यवतींनीं बाहेरच्या बांकावर मिनिटामिनिटानें काढले. आतां शस्त्रक्रियेची पाळी त्यांची आहे. परवां त्यांनीं विचारलें, "भुलींत माणूस जातो तरी कुठें?"

"कोठेंच नाहीं," आम्ही म्हणालों. त्यांनीं देवापुढची समई उगीचच सारखी केली.