जुन्या गाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आम्हां कोंकणांतील लोकांनीं देवळापुरता राखून ठेवलेला आहे. गाभारा गळूं लागला, सभामंडपाचे वासे कुजले, कीं गांव जमतो, वर्गणीची यादी होते, आणि मुंबईच्या चाकरमान्यांस पत्रें जातात. घर जुनें झालें तर आपण त्याची डागडुजी करतों, भांडें जुनें झालें तर मोडींत घालतों, आणि मोटार जुनी झाली तर ती भंगारवाल्यास देऊन मोकळे होतों. मोटारीचाही जीर्णोद्धार होऊं शकतो व त्यापायीं शहाणींसुरतीं माणसें झोंप आणि पैसा दोन्ही खर्च करतात, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें. आमच्या घरीं हा शब्द प्रथम थट्टेनें वापरण्यांत आला. आतां दोन वर्षें तो सर्वजण गंभीरपणें वापरतात.

गाडी आमच्या थोरल्या बंधूंची, म्हणजे कै. दादांची. ते रत्नागिरींत डॉक्टर होते. १९८३ सालीं मारुती गाडीची नोंदणी सुरू झाली तेव्हां दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखाहून अधिक लोकांनीं नांवें घातलीं व क्रम लावण्यासाठीं सोडत काढावी लागली. त्या वर्षाच्या १४ डिसेंबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें दिल्लीच्या हरपाल सिंग यांस पहिल्या गाडीच्या किल्ल्या मिळाल्या; आमच्या दारीं गाडी येण्यास १९८५ साल उजाडलें. जपानांतील सुझुकी कंपनीच्या फ्राँटे नांवाच्या मोटारीची ती भारतांतील आवृत्ति. रंग पांढरा, चाकें बारा इंची, इंजिन तीन नळकांड्यांचें व ७९६ घन सेंटिमीटरचें. अँबॅसडर आणि फियाट यांनाच मोटार समजणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनीं तिला साबणाची डबी म्हटलें. त्याच डबींतून दादा रात्रीबेरात्रीं पावस, पूर्णगड, जयगडपर्यंत रोगी पाहण्यास जात. २००९ सालीं ते वारले. गाडी मांगरांत गेली, तिच्यावर झावळ्या पडल्या, आणि मागल्या बैठकीवर कोंबडीनें अंडीं घातलीं.

तिला बाहेर काढण्याची कल्पना दादांच्या मुलाची. हा आमचा पुतण्या पुण्यास कारखान्यांत इंजिनियर आहे, आणि त्यास जपानी स्पोर्ट्‌स मोटारींचें वेड आहे. स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे कुटुंब व सामान नेण्यासाठीं नव्हे, तर हांकण्याच्या आनंदासाठींच केलेली मोटार. संयुक्त कुटुंबांत वाढलेल्या मुलास दोनच माणसांच्या मोटारीचें आकर्षण कां वाटावें हें उघड आहे, असें आमच्या धाकट्या भावजयीचें मत पडलें.

त्याच्याकडून आम्हांस जें कळलें तें ऐकण्यासारखें आहे. निस्सान कंपनीनें १९६९ सालीं डॅटसन २४० झेड नांवाची मोटार काढली. सहा नळकांडीं, लांब नाक, आंखूड पाठ, व तशाच युरोपीय मोटारींच्या मानानें किंमत पुष्कळ कमी. तोंपर्यंत जपानी माल म्हणजे हलका माल, असा पाश्चात्त्यांचा समज होता. आमच्या लहानपणीं आपल्याकडेही 'जपानी' या शब्दास बाजारांत तसाच कांहींसा वास येई. १९७३ सालीं पूर्व आफ्रिकेंतील सफारी रॅली या धुळीचिखलाच्या शर्यतींत युगांडांत जन्मलेल्या शेखर मेहता या भारतीय वंशाच्या गृहस्थानें हीच मोटार हांकून पहिला क्रमांक मिळविला, आणि पुढें १९७९ ते १९८२ अशीं ओळीनें चार वर्षें डॅटसनच्याच दुसऱ्या मोटारीनें तोच पराक्रम केला. पण या २४० झेडला एक शाप होता. तिचा पत्रा फार गंजे. शिवाय स्वस्त वस्तु कोणी जपून ठेवीत नाहीं. महागाच्या मोटारीवर पहिल्या दिवसापासून आच्छादन पडतें, आणि सर्वांस परवडणारी मोटार सर्वांच्या हातून झिजून नाहींशी होते. पन्नास वर्षांनंतर लोक जागे होतात आणि उरलेल्या चार सांगाड्यांसाठीं धांवाधांव करतात. हा न्याय मोटारीलाच लागू आहे असें नाहीं. आमच्या आजीचीं पैठणी पातळें अजून पेटींत आहेत. रोजचें लुगडें मात्र एकही उरलेलें नाहीं.

"पण बाबा, या खानदानांत आपली साबणाची डबी कोठें बसते?" असें आम्हीं विचारलें. त्याचें उत्तर तयार होतें. मारुतीचा दुसरा नमुना १९८६ सालीं निघाला. त्याच साच्याच्या जपानी ऑल्टो गाडीस सुझुकीनें १९८७ सालीं टर्बो जोडून ऑल्टो वर्क्स नांवाची गाडी काढली. इंजिन अवघें ५४३ घन सेंटिमीटरचें, पण शक्ति ६४ घोड्यांची. जपानी कारखानदारांनीं लहान गाड्यांसाठीं पुढें तीच ६४ ची मर्यादा आपसांत पाळली. आमच्या गाडीची शक्ति चाळीस घोड्यांच्या आंतबाहेरची. "काका, गोत्र एकच आहे, प्रवर तेवढे निराळे," असें तो म्हणाला. आम्हीं त्यास लहानपणीं संध्या शिकविली होती, तिचा असा उपयोग होईल असें वाटलें नव्हतें.

काम उद्यमनगरांतील एका मेस्त्रींकडे दिलें. त्यांनीं गाडी पाहिली, पायांखालील गालिचा उचलला, हातोडीनें दोन ठिकाणीं ठोकलें, आणि हातोडी आरपार गेली. येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. जुन्या जीपगाडीला खालीं लोखंडी सांगाडा निराळा असतो, व वरचा पत्रा केवळ अंगरख्याप्रमाणें असतो. या गाडीस निराळा सांगाडा नाहीं. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या व खांब हींच तिचीं हाडें. आमच्याकडे चार महिने पाऊस, आठ महिने खारा वारा, आणि बाराही महिने जांभ्याची लाल माती. दारांच्या बुडाशीं पाणी जाण्यास बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. तीं या मातीनें बुजतात, पाणी आंत राहतें, आणि गंज आंतून बाहेर येतो. वरच्या रंगावर एवढासा फोड दिसतो, तेव्हां आंतला पत्रा पानासारखा झालेला असतो. कांहीं कारागीर अशा भोंकांत पुटी भरून वर रंग देतात. अशी गाडी वर्षभर सुंदर दिसते. आमच्या मेस्त्रींनीं तळाचा पत्रा कापून नवा जोडला, पट्ट्या आंतून बाहेरून घासल्या, जोडांवर गंजरोधक दिलें, व मगच प्रायमर लावला. यांत पांच महिने गेले. मेस्त्री फार बोलत नसत, परंतु कापून काढलेला पत्रा त्यांनीं मुद्दाम एका पोत्यांत भरून आमच्याकडे पाठविला. झालेलें काम डोळ्यांआड आहे, पैसे देणाऱ्यास निदान रोग तरी दिसावा, असा त्यांचा हेतु होता.

इंजिनाची कथा मानानें लहान आहे. पिस्टन अडकून बसले होते. प्लग काढून त्या छिद्रांतून तेल सोडलें, आठ दिवस तसेंच ठेवलें, व मग पान्यानें रोज थोडें थोडें फिरवून सोडविलें. एका नळकांड्यास आंतून खड्डे पडले होते म्हणून तें आंबा घाट चढवून कोल्हापुरास नेलें, बोअर केलें, व मोठ्या मापाचे पिस्टन घातले. कोल्हापूरच्या उद्यमनगरास अशा कामाची तीन पिढ्यांची संवय आहे. कार्ब्युरेटरांत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. हल्लीं पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें जुन्या रबरास मानवत नाहीं, म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या व रबरी चकत्या नव्या घातल्या.

खरा वाद पुढें झाला. पुतण्याच्या मनांत गाडी तांबडी करावी, रुंद चाकें बसवावीं, आंत नवें स्टिअरिंग व खोलगट बैठका घालाव्या, म्हणजे ती निदान दिसण्यांत तरी आपल्या जपानी भावंडासारखी होईल, असें होतें. आमचा याला विरोध होता. जीर्ण वस्तूचा उद्धार म्हणजे तिला बुडत्या स्थितींतून वर काढणें. तिच्या जागीं आपल्या आवडीची दुसरी वस्तु ठेवणें नव्हे. आमच्या मदतीस सरकारी नियमही आला. २०२१ च्या जुलैमध्यें मध्यवर्ती सरकारनें ठरविलें कीं, पन्नास वर्षांवरील व मूळ स्वरूपांत राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून निराळी नोंदतां यावी. आमची गाडी १९८५ ची. म्हणजे २०३५ पर्यंत ती कायद्याच्या दृष्टीनें केवळ म्हातारी, पुरातन नव्हे. तोंपर्यंत तपासणी करवून नोंदणी वाढवीत राहणें आलें, आणि पंधरा वर्षांवरील मोटारीच्या या नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलमध्यें सहाशेंवरून पांच हजारांवर गेली. आज रुंद चाकें लावून घेतलीं तर दहा वर्षांनंतर मूळ स्वरूप कोठून आणणार? पुतण्या इंजिनियर असल्यामुळें त्यास हा हिशेब पटला. भावना त्यास इतक्या लवकर पटली नसती.

तरी एक प्रश्न राहिलाच. तळ नवा, नळकांडीं मोठीं केलेलीं, नळ्या नव्या, रंग नवा. मग जुनें काय उरलें? हा प्रश्न आम्हीं नव्हे, वहिनींनीं विचारला. त्या सुमारास शहरांतील एक संग्राहक घरीं येऊन गेले होते व त्यांनीं गाडीची बरी किंमत देऊं केली होती. घरांत दोन तट पडले. पैसे मुलींच्या शिक्षणास होतील असें एक म्हणे, आणि तें खोटें नव्हतें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मांगरांत होती ती ह्यांची गाडी. तुम्ही करतां आहां ती तुमची. ह्यांची नसेल तर ठेवून काय करायची? विकून टाका."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. न्यायशास्त्रांत प्रत्यभिज्ञा म्हणून एक ज्ञान सांगतात. पूर्वीं पाहिलेला देवदत्त पुन्हां दिसला असतां 'हाच तो' असें जें वाटतें तें. मधल्या काळांत देवदत्ताचे केस पिकलेले असतात, दांत पडलेले असतात, तरी ओळख पटते. ती कशावरून पटते, याचा खल पंडितांनीं पुष्कळ केला आहे. हिरोशिमाच्या माझदा कंपनीनें १९८९ च्या आपल्या रोडस्टर मोटारींचा जीर्णोद्धार करून देण्याची योजना २०१७ सालीं जाहीर केली, तेव्हां कोणते भाग पुन्हां घडविले हें पुतण्यानें आम्हांस वाचून दाखविलें होतें. कापडी छप्पर, त्या काळच्या नक्षीचे टायर, लांकडी स्टिअरिंग आणि गिअरची लांकडी मूठ. म्हणजे हात जेथें टेकतो तेथें त्या लोकांनींही लक्ष पुरविलें होतें. आम्हीं त्यापुढें एक पाऊल जाऊन मेस्त्रींस सांगितलें कीं, हाताखालचें कांहींच नवें करूं नका. दादांच्या मुठींनीं गुळगुळीत झालेलें स्टिअरिंगचें चाक, चोकची बोंडी, हांकणाऱ्याच्या बैठकीला पडलेला खळगा, आणि डाव्या दाराच्या आंतल्या बाजूस औषधांच्या पेटीनें घासून पडलेला चट्टा, हीं जशींच्या तशीं राहिलीं.

गाडी घरीं आली त्या दिवशीं वहिनी स्वयंपाकघरांत होत्या. बाहेर येऊन पाहण्याची त्यांना फारशी उत्सुकता नव्हती. पुतण्यानें अंगणांत गाडी लावून दार लोटलें. या गाडीचें दार हलकें आहे. तें मिटतांना पत्र्याच्या डब्याचें झांकण बसावें तसा एक आवाज होतो. रात्रीं दोन वाजतां घरीं येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत ज्या बाईनें चोवीस वर्षें तो आवाज ऐकला, ती पीठ लागलेल्या हातांनीं पडवींत आली. बोलल्या कांहींच नाहींत. संग्राहकांस नकार कळविण्याचें काम मात्र त्यांनीं दुसऱ्या दिवशीं आम्हांवर सोंपविलें.

आतां दर गुरुवारीं भाट्याच्या पुलावरून पावसास जाणें होतें. वहिनी पुढें, आम्ही मागें, हांकणारा पुतण्या, आणि तो पुण्यास असला म्हणजे शेजारचा एक मुलगा. स्टिअरिंगला यंत्राचें साहाय्य नाहीं, त्यामुळें वळणावर रस्ता तळहातांस कळतो. पहिल्यानें आम्हांस वाटलें, पन्नासाचा वेग म्हणजे अगदींच बेताचा. परंतु गाडी हलकी व जमिनीलगत असल्यामुळें पन्नासाला कानांत वारा भरतो. नव्या मोठ्या मोटारींत शंभराच्या वेगानें जातांना डुलकी येते, आणि हींत पन्नासाला माणूस जागा राहतो. स्पोर्ट्‌स मोटारीचें सुख म्हणतात तें याहून फार निराळें नसावें. आरे-वारेच्या चढावर पुतण्या गिअर उतरवतो, तीन नळकांडीं आपल्या खरखरीत सुरांत वर चढतात, समुद्र एकदम डाव्या हातास खालीं येतो, आणि वहिनी "हळू रे" म्हणतात. हळू जा असें त्यांच्या मनांत खरोखर असतें कीं काय, याविषयीं आम्हांस शंका आहे.

कांहीं कामें अद्यापि उरलीं आहेत. या पहिल्या नमुन्याची पाठीमागची केवळ कांच उघडते, आणि तिच्या भोंवतीचें रबर कोठें मिळत नाहीं. कुर्ल्याच्या जुन्या बाजारांत दोनदां शोध झाला. जें मिळालें तें दुसऱ्या नमुन्याचें निघालें व बोटभर आंखूड पडलें. तूर्त कापून जोड दिला आहे. मेस्त्रींनीं बजावलें आहे कीं, हा जोड पावसाळा काढणार नाहीं, तेव्हां मृगापूर्वीं मूळ रबर मिळवा, नाहीं तर दसऱ्यापर्यंत गाडी मांगरांत ठेवा. पुतण्यानें जपानांतील एका जुन्या भागांच्या दुकानदारास लिहिलें आहे. उत्तर अजून यावयाचें आहे.