बदरच्या वाटेवरचे हंजल

मदिनेहून बदर सुमारे दीडशे किलोमीटर. उमऱ्याच्या सफरीत आम्ही सकाळीच टॅक्सीने निघालो. खजुराच्या बागा मागे पडल्या आणि दोन्ही बाजूंना काळेभोर, उघडे डोंगर सुरू झाले. हिजरी सन 2 च्या रमजानमध्ये तीनशेहून थोडे अधिक सहाबा, सत्तर उंटांवर आळीपाळीने बसत, याच मुलखातून गेले होते. एसी गाडीत बसून ते आठवताना मनात संकोच वाटत होता.

वाटेत चहाला थांबलो. रस्त्यापलीकडच्या कोरड्या ओढ्यात वाळूवर एक वेल पसरला होता. कातरलेली पाने आणि संत्र्याएवढी हिरवी-पिवळी फळे. जणू छोटी कलिंगडेच. ड्रायव्हर म्हणाला, "हंजल!" आपल्याकडे यालाच कडू वृंदावन किंवा इंद्रावण म्हणतात. कुरआन न पढणाऱ्या मुनाफिकाला हदीसमध्ये याच फळाची उपमा दिली आहे: सुगंध नाही आणि चव कडू.

ड्रायव्हरने मोडक्या उर्दूत सांगितले की, त्याच्या गावी शुगरवर हेच औषध. फळ कापून त्यावर टाचा ठेवायच्या, तोंडात कडवटपणा येईपर्यंत. काहीजण थोडे खातातही. अम्मीला चौदा वर्षांपासून शुगर आहे. तिने दोन फळे गुपचूप पिशवीत टाकली.

बदरच्या शहीदांसाठी दुआ करून रात्री हॉटेलवर परतलो. पाहतो तर अम्मी हातात सुरी घेऊन बसलेली! "मोबाइलवर वाचलं मी," ती म्हणाली, "यात अँटिऑक्सिडंट आहेत."

ते खोटे नव्हते. हंजलच्या फळात फ्लॅव्होनॉइड गटातील द्रव्ये सापडली आहेत. प्रयोगशाळेत एका जांभळ्या द्रावणात अशा वनस्पतीचा अर्क टाकतात; जांभळा रंग जितका फिका होऊन पिवळा पडेल, तितकी अँटिऑक्सिडंट शक्ती जास्त. पण ही परीक्षा काचेच्या नळीतली. माणसाच्या पोटात ते फळ आणखी काय करील, हे ती सांगत नाही.

हंजलचा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा. जुन्या हकिमांनी ते जबर जुलाबाचे औषध म्हणून फार जपून वापरले. मात्रा चुकली तर आतड्याला सूज येते, रक्ताचे जुलाब होतात. शरीरातले पाणी कमी झाले की शुगरच्या रुग्णाच्या मूत्रपिंडावर ताण येतो.

हे सगळे अम्मीला कसे पटवावे? शेवटी मी विचारले, "अम्मी, दुधी चिरताना तू आधी काय करतेस?"

"टोक चाखते. कडू लागला तर फेकून देते."

"का?"

"विषारी असतो म्हणून."

"हंजल दुधीच्याच खानदानातलं. कडू दुधीतलं विषही याच जातीचं. कडू दुधीचा रस पिऊन आपल्याकडे माणसं दगावली आहेत."

अम्मी थोडा वेळ फळाकडे पाहत राहिली. मग सुरी धुऊन ठेवली आणि पर्समधून आपली रोजची गोळी काढली.

अल्लाहने प्रत्येक आजाराचा इलाज ठेवला आहे, हा आपला विश्वास. पण कोणत्या वनस्पतीत किती दवा आणि किती जहर, हे ओळखायला इल्म लागते. घरात कोणी असे काही घेत असेल, तर न रागावता विचारा आणि डॉक्टरांना जरूर सांगा. आमच्याकडे तो प्रश्न वेळेवर विचारला गेला, अल्हम्दुलिल्लाह.