ती सांगत का नाही?

१२ जुलै
आईबरोबर ‘वॉटर्लू ब्रिज’ (१९४०) पाहिला. मेणबत्त्या एकेक करून विझत जातात आणि मायरा-रॉय, म्हणजे विव्हियन ली आणि रॉबर्ट टेलर, अंधारात नाचत राहतात, तेव्हा आई गप्प होती. चहागृहातल्या प्रसंगाला मात्र तिला राहवलं नाही. मायरा होणाऱ्या सासूची वाट पाहत बसलेली आहे. वर्तमानपत्रात, लढाईत कामी आलेल्यांच्या यादीत तिला रॉयचं नाव दिसतं. तेवढ्यात त्या बाई येतात. मायरा बातमी दडवते, काहीबाही बोलते, आणि त्या दुखावून निघून जातात. “अगं, सांगून टाक ना!” आई म्हणाली.

१३ जुलै
झोप लागली नाही. त्या टेबलावर दोघी मिळून रडल्या असत्या, तर मायराला उपासमार आणि पुढचा रस्ता चुकला असता. रॉय जिवंत परततो, स्टेशनवर अचानक समोर उभा राहतो, आणि आता सांगण्यासारखं ते सगळं सांगण्यापलीकडचं झालेलं असतं. शेवटी ती त्याच्या आईलाच सांगते, त्याला नाही. मग पुलावरचे लष्करी ट्रक.
जेम्स व्हेलच्या याच नावाच्या १९३१च्या चित्रपटात मायरा पुलावर बॉम्बहल्ल्यात मरते. १९३४पासून हॉलिवूडची नीतिनियमावली कडक झाली होती. ‘घसरलेल्या’ बाईला सुखाने नांदू देणं तिच्यात बसत नव्हतं. १९४०ची मायरा स्वतःच ट्रकसमोर जाते. मला हा शेवट अन्यायाचा वाटतो. रॉयने तिला घरात घेतलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

१६ जुलै
‘कॅमिल’ (१९३६). पुन्हा रॉबर्ट टेलर, पुन्हा काहीच न कळलेला. आर्माँचे वडील येऊन विनवतात आणि ग्रेटा गार्बोची मार्गरीट त्याला मुद्दाम दुखावून, सरदाराकडे जाते असं सांगून दूर लोटते. मायरा लाजेने गप्प राहते. मार्गरीट विचार करून खोटं बोलते. म्हणून तिच्या मरणात पराभव दिसत नाही. आर्माँ वेळेवर पोचतो, तिला कवेत घेतो. आई रडली, पण शांतपणे.

१९ जुलै
‘लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन’ (१९४८). दिग्दर्शक मॅक्स ओफ्युल्स, लिझाच्या भूमिकेत जोन फाँटेन. व्हिएन्नाच्या जत्रेतला तो खोटा रेल्वेचा डबा! खिडकीबाहेर रंगवलेले देश सरकत राहतात, आणि ते संपले की स्टेफान, लिझाचा जीव ज्याच्यावर जडलाय तो, पुन्हा पहिल्यापासून पाहू म्हणतो. दोन आठवड्यांत येतो, असं सांगून तो खऱ्या गाडीने जातो. पुढे तिचा मुलगाही गाडीत बसून तेच दोन आठवडे म्हणतो. त्या डब्यातूनच त्याला टायफसची लागण झालेली असते.
ही मात्र सांगते, सगळं, पत्रातून. कितीतरी वर्षांनी ती फुलं घेऊन स्टेफानच्या घरी जाते, तेव्हाही तो तिला ओळखत नाही. ते ऐकताना आईने माझा हात धरला.
पत्र वाचून झाल्यावर स्टेफान आपल्या मुक्या नोकराला विचारतो, तुला ती आठवते? नोकर मान हलवतो, लेखणी घेतो आणि कागदावर तिचं पूर्ण नाव लिहितो.