चिअर करणं सोपं नसतं, बॉस!

ट्रायथलॉनमध्ये खेळ किती? पोहणं, सायकलिंग आणि धावणं, असे तीन. हे झालं पुस्तकी उत्तर. ज्यांच्या घरात एखादा ट्रायथलीट आहे, त्यांना विचाराल तर ते चार सांगतील. चौथा म्हणजे दोरीच्या अलीकडे उभं राहून वाट बघणं. त्याला ना मेडल, ना टायमिंग. पण दम तेवढाच लागतो!

आधी आकडे उरकून घेऊ. फुल आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल मारायची आणि वर ४२.२ किलोमीटर धावायचं. गोव्यात २०१९ साली पहिल्यांदा झाली ती याच्या निम्मी, ७०.३. हा आकडा मैलांचा. आपल्या हिशेबात ११३ किलोमीटर. सगळं मिळून साडेआठ तासांत संपवायचं. त्यातही १ तास १० मिनिटांत समुद्रातून बाहेर आला नाहीत, तर खेळ तिथेच खल्लास.

२०२३ मध्ये माझ्या बायकोचा खेळ तिथेच खल्लास झाला. चार मिनिटांनी.

आता आम्ही पडलो नाशिककर. या गावाला द्राक्षांइतकंच या असल्या वेडाचंही पीक येतं. डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे भाऊ इथलेच. २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम. पोलीस आयुक्त असताना रवींद्र सिंगल यांनी २०१८ मध्ये फ्रान्समध्ये फुल आयर्नमॅन पूर्ण केली. नाशिकमध्ये वाढलेली अभिनेत्री सैयामी खेर हिने सप्टेंबर २०२४ मध्ये बर्लिनला ७०.३ मारली. पहाटे त्र्यंबक रोडला चक्कर टाका, दुधाच्या गाड्यांपेक्षा हेल्मेट जास्त दिसतील.

पण एक गोष्ट नाशिकमध्ये नाही. समुद्र! बायको वयाच्या एकतिसाव्या वर्षी पोहायला शिकली, तीही सावरकर तरण तलावात. तिथे तळाला रेघ असते, ती धरून सरळ जायचं. दमलात तर कडेचा दांडा पकडायचा. समुद्रात रेघ नाही, दांडा नाही आणि लाटा थेट तोंडावर. बरं, गोव्याचं पाणी कोमट. त्यामुळे अंग तरंगतं ठेवणारा वेटसूटही घालता येत नाही.

२०२३ मध्ये परत येताना ती संगमनेर येईपर्यंत गप्प होती. मग एवढंच म्हणाली, ‘‘अरे, घाबरले मी पाण्यात. हात चालेचनात.’’ महिनाभर सायकल गॅलरीत धूळ खात पडली. एक दिवस पहाटे पावणेपाचला पुन्हा गजर वाजला. ‘‘एकदाच जाणार. या वेळी नाही झालं तर सायकल विकून टाकेन.’’ हे ती चहा गाळताना बोलली, पण तिचा आवाज मी ओळखतो. तिला सायकलच्या पैशांची गरज नव्हती. स्वतःला ‘मला हे जमत नाही’ असं कायमचं सांगून टाकायचं होतं.

आणि इथेच चौथा खेळ सुरू होतो.

१९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. तेव्हा प्रत्येकाने आपापली मदतीची माणसं आणली होती. जॉन डनबार नावाचा गडी पुढे होता. धावताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली! तो दुसरा आला. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’त तर आजही क्रूशिवाय पान हलत नाही. जवळपास ४,८०० किलोमीटर मागे गाडी, गाडीत खाणं, मेकॅनिक, सगळं.

आजच्या आयर्नमॅनमध्ये मात्र बाहेरच्यांना मदत करायला बंदी. पाणी द्यायचं नाही, केळं द्यायचं नाही, सोबत धावायचं नाही. नाहीतर पेनल्टी, किंवा थेट स्पर्धेबाहेर. खेळाडूला कानात गाणी लावायलाही मनाई. म्हणजे तिच्यापर्यंत पोचू शकणारी माझी एकच गोष्ट, ती म्हणजे आवाज. एरवी प्रत्येक प्रॉब्लेमवर सोल्युशन काढायचा आपल्याला पगार मिळतो. इथे सोल्युशन देणं हाच फाउल!

ऑक्टोबर २०२४. मिरामारचा किनारा. समुद्रात शेकडो टोप्या, सगळ्या सारख्याच. त्यातली माझी कोणती? पन्नास मिनिटं झाली. एक तास झाला. शेजारच्या काकू जावयासाठी जप करत होत्या. तेवढ्यात नाशिकहून आईचा फोन.

‘‘बाहेर आली का रे?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग तू काय करतोयस?’’

‘‘उभा आहे, आई.’’

एक तास सहा मिनिटांनी ती वाळूवर आली. चालत नाही, पळत! मला पाहिलंसुद्धा नाही. मी काय ओरडलो आठवत नाही, पण त्या काकूंनी मला पाण्याची बाटली दिली.

मग सायकल. ९० किलोमीटरमध्ये प्रेक्षकाच्या वाट्याला येतात काही सेकंद. सूं करून गेली की पुन्हा मोबाईलवर ट्रॅकर बघत बसायचं. आईचा दुसरा फोन : ‘‘काही खायला दिलंस का तिला?’’ देता येत नाही म्हटल्यावर, ‘‘कसला मेला नियम!’’

खरी परीक्षा धावताना. दुपारचं ऊन, डांबर तापलेलं. शेवटचे सहा किलोमीटर राहिले आणि ती चालायला लागली. जवळ आली तेव्हा चेहरा पांढराफटक. ‘‘पायच नाहीत रे...’’ मला तिचा हात धरता येत नव्हता. ‘चल, होईल’ म्हणणं खोटं वाटलं असतं. मग सुचलं ते ओरडलो, ‘‘अगं, फक्त सोमेश्वर ते घर! रविवारचं!’’

आमचा दर रविवारचा शेवटचा टप्पा. ती पळायची, मी स्कूटरवर मागे. त्या रस्त्यावरचा प्रत्येक स्पीडब्रेकर तिच्या पायांना पाठ आहे. ती हसली नाही, मान हलवली. वीस पावलं चालली आणि पळायला लागली. त्यानंतर ती वळणामागे गेली. पुढची पाऊणएक तासाची गोष्ट मला माहीत नाही. ती तिची एकटीची आहे.

आठ तास अकरा मिनिटं. सायकल विकायची नाही!

तुमच्या घरात असं कोणी असेल तर अनुभवाचे चार बोल. टोपी, पॉवर बँक आणि बसायला छोटं स्टूल न्या. उभं राहायची जागा आधीच ठरवून सांगा, म्हणजे ‘तिथे तो असेल’ एवढ्यावर त्यांना दोन किलोमीटर काढता येतात. ‘आता थोडंच राहिलं’ असं खोटं बोलू नका, त्यांना अंतर तुमच्यापेक्षा बरं कळतं. आणि आपलं माणूस गेल्यावर लगेच खाली बसू नका. बिबवर बहुतेकदा नाव छापलेलं असतं. मागून येणाऱ्याच्या नावाने ओरडा. त्याच्या घरचं कोणी आलेलं नसेल कदाचित.