कॉम्प्युटर किती वीज खातो?

२०१० च्या उन्हाळ्यात आमच्या घाटकोपरच्या भटवाडीतल्या खोलीत कॉम्प्युटर आला. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, सेकंडहँड, टीव्हीसारखा पाठीमागे फुगलेला पडदा. लेक बारावी कॉमर्सला जाणार होती, टॅली शिकत होती. सायबर कॅफेवाला तासाला वीस रुपये घेई, शिवाय तिथे संध्याकाळी मुलीला एकटीला पाठवायला जीव धजत नसे. म्हणून माझ्या भिशीचे पैसे त्यात घातले.

पुढच्या महिन्याचे वीजबिल आले आणि घरात वाद पेटला. एरवी आमचे ८८-९० युनिट व्हायचे, ते एकदम १५२! सासूबाई म्हणाल्या, "ह्या डबड्यानं घर खाल्लं." आमच्या ह्यांनी दिवाळीआधी तो विकायचे ठरवूनही टाकले. भगिनींनो, मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चाले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. घरात मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून आलेली एकच वस्तू, आणि काटकसर सुरू व्हायची ती तिच्यापासून.

माझे धाकटे दीर वायरमन आहेत. रविवारी ते आले तेव्हा मी सगळे त्यांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "वहिनी, विकायचा तर विका, पण आधी तो खातो किती ते तर बघा." आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरात ३२०० हा आकडा छापलेला होता. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. (काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, तो आधी वाचून घ्यावा.) दिरांनी फ्रीज, पंखा, टीव्ही, ट्यूब सगळे बंद करायला लावले. फक्त कॉम्प्युटर चालू. मी घड्याळ धरले, लेकीने मोजायला सुरुवात केली.

दहा मिनिटांत दिवा ८० वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला ४८०, म्हणजेच १५० वॅट. मग मुलीने काम थांबवले आणि पडद्यावर मासे पोहू लागले. हे मासे सासूबाईंच्या फार आवडीचे, दुपारी त्या त्यांच्याकडे बघतच पडायच्या. पुन्हा मोजले. पुन्हा ८०! कोणी काही करत नव्हते, तरी वीज तेवढीच जात होती. पडद्याचे बटण दाबून फक्त पडदा बंद केला तर आकडा ४२ वर आला. निम्मी वीज तो पडदाच पीत होता. उरलेला डबा जेवढी खातो तेवढी तर आपला छताचा साधा पंखा खातो. कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, पण खालचा यूपीएस चालू ठेवला, तर ६. भिंतीवरचे बटणच बंद केले तेव्हा कुठे दिवा थांबला.

आता हिशेब सोपा होता. ज्याने कॉम्प्युटर विकला त्याने सांगितले होते की सारखा बंद-चालू करू नका, बिघडतो. म्हणून आमच्याकडे तो सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत चालूच असे. चौदा तासांचे झाले २.१ युनिट, महिन्याचे ६३. लेक प्रत्यक्ष बसायची चार तास. त्याचे महिन्याला १८. बाकीची वीज रिकाम्या खुर्चीसमोर जळत होती.

दिरांनी त्यातच एक सोय दाखवली. पाच मिनिटे कोणी हात लावला नाही तर पडदा आपोआप बंद, पंधरा मिनिटांनी सगळा कॉम्प्युटर झोपतो. पुन्हा कळ दाबली की काम होते तिथून सुरू. त्याने काही बिघडत नाही. जुने कॉम्प्युटर सुरू होताना एका कोपऱ्यात एनर्जी स्टार अशी खूण दिसायची, ती याचसाठी. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने १९९२ साली ही योजना काढली आणि पहिल्यांदा हात घातला तो कॉम्प्युटर नि त्याच्या पडद्यालाच. सोय आधीपासून होती, आम्हाला ती विकताना कोणी सांगितली नाही.

पुढचे बिल १०५ युनिटचे आले. मुलुंड-भांडुपला महावितरण आहे, अंधेरी-बोरिवलीला २०१८ पासून अदानी. कंपनी कोणतीही असो, घरगुती बिलात १०० युनिटला पहिला टप्पा संपतो आणि पुढच्या युनिटांचा दर चढतो. म्हणून आम्हाला ते वरचे पाचही खुपत होते. पुढे वर्षभराने चपटा पडदा घेतला. तो जेमतेम २० वॅटचा. तेव्हापासून आम्ही शंभराच्या आत आलो. विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सासूबाई मात्र बरेच दिवस विचारत, "मासे कुठं गेले?"

लेक आता अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाचे काम करते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती घरूनच लॅपटॉपवर काम करायची. सवय म्हणून आम्ही तोही मोजला. दहा मिनिटांत १५. म्हणजे २८ वॅटच्या आसपास. एकच लक्षात ठेवावे, स्वस्तात मिळतो म्हणून जुना मोठा डबा घेताना त्याची वीज रोज भरावी लागते.

परवा शेजारच्या पोराने खेळांसाठी नवा कॉम्प्युटर जोडून घेतला, आत रंगीत दिवे लावलेला. त्याची आई बिल घेऊन माझ्याकडे आली. मी तिला घड्याळ दिले आणि मीटरपाशी उभे केले. दहा मिनिटांत १६० मोजून ती पोराला हाका मारत घरात गेली.